ट्रॅकवर जाणाऱ्या घरच्या गाडीचं इंजिन ऑइल

रायपूरहून मोठा रेस ट्रॅक गाठायचा तर आधी हजार-बाराशे किलोमीटर महामार्ग तुडवावा लागतो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैचा १९९० सालचा ट्रॅक असो नाहीतर ग्रेटर नॉयडात २०११ साली उघडलेलं बुद्ध सर्किट, रायपूर दोन्हींपासून जवळपास सारखंच दूर आहे. कोइमतूरचा ट्रॅक त्याहूनही लांब. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सची ११.३ किलोमीटरची अतिवेगवान धावपट्टी २०२१ मध्ये तयार झाली, पण ती गाड्यांच्या चाचण्यांसाठी आहे. हौशी माणसानं सुट्टीच्या दिवशी जाऊन फेऱ्या माराव्यात अशी ती जागा नव्हे.

ट्रेलरवर गाडी लादून नेणारे आमच्याकडे फार थोडे. बाकीचे आठवडाभर तेलीबांध्याहून नवा रायपूरला ज्या गाडीनं कामावर जातात, तीच घेऊन निघतात. म्हणजे इंजिनातलं तेल आधी दीड-दोन दिवस महामार्गावर चालणार, मग ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटांच्या चार-सहा फेऱ्यांमध्ये जिवाच्या आकांतानं राबणार आणि त्याच तेलावर गाडी परत घरी येणार. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत गाड्यांच्या गप्पा रंगतात, तेव्हा तरुण पोरांचा पहिला प्रश्न हाच असतो: ‘काका, ट्रॅकला जायचंय, ऑइल कुठलं टाकू?’ इंग्रजी मासिकांतली उत्तरं बहुधा ट्रॅकपासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. रायपूरकराच्या उत्तरात हे जाण्या-येण्याचे दोन-अडीच हजार किलोमीटर धरलेच पाहिजेत.

आपल्याकडे यावर तीन मतं चालतात.

पहिलं गॅरेजचं. रायपूर हे ट्रकांचं शहर आहे. टाटीबंध, भनपुरी, रावाभाटा या पट्ट्यात ज्यांचे हात काळे झाले, त्या मिस्त्रींचा अनुभव डिझेलच्या मोठ्या इंजिनांवर आणि मे महिन्यातल्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर पोसलेला आहे. त्यांचा सल्ला ठरलेला: ‘भैया, गरमी का इलाका है, बीस-पचास डालो, इंजन मक्खन चलेगा.’ दुसरं मत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं: मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच टाका, नाहीतर वॉरंटीला अडचण येईल. तिसरं हौशी मंडळींचं: रेसिंग ऑइल घ्या, महाग असलं तरी ते त्यासाठीच बनवलेलं असतं. तिन्ही मतांत तथ्य आहे. पण एक प्रश्न या तिघांपैकी कोणीच विचारत नाही, आणि माझ्या मते सगळी निवड त्याच प्रश्नावर उभी आहे: ट्रॅकवर तुमच्या इंजिनातल्या तेलाचं तापमान किती जातं?

इथे डब्यावरच्या आकड्यांत थोडं शिरावं लागेल. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सनं, म्हणजे एसएईनं, तेलांची दाटपणानुसार वर्गवारी १९११ सालापासून सुरू केली. आज ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं त्यातला मागचा ३० सांगतो की १०० अंश सेल्सियसला या तेलाचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या मध्ये आहे. ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९, आणि २० म्हणजे ६.९ ते ९.३. पुढचा ‘डब्ल्यू’चा आकडा थंडीतला. ५डब्ल्यू तेलाची स्टार्टरची चाचणी उणे ३० अंशांना होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला, १५डब्ल्यूची उणे २० ला. रायपुरात जानेवारीतली कडक पहाट दहा अंशांच्या आसपास असते. म्हणजे इंजिन सुरू होण्यापुरतं पाहिलं तर इथे शून्य, पाच किंवा दहा डब्ल्यूमध्ये भांडण करण्यासारखं काही नाही. खरा कस मागच्या आकड्याचा लागतो, आणि तोही शंभर अंशांच्या पलीकडे.

महामार्गावर शंभर-एकशेदहाच्या वेगानं चालणाऱ्या गाडीत तेल साधारण ९५ ते ११० अंशांवर असतं. बाहेर पंचेचाळीस अंश असले तरी यात फार मोठा फरक पडत नाही, कारण थर्मोस्टॅट आणि रेडिएटर कूलंटला आपल्या पट्टीत धरून ठेवतात आणि तेल बऱ्याच अंशी कूलंटच्या मागे चालतं. मिस्त्रींचा ‘गरमी का इलाका’ हा युक्तिवाद म्हणूनच अर्धाच खरा आहे. ट्रॅकवर मात्र इंजिन पाच-साडेसहा हजार आरपीएमवर पूर्ण थ्रॉटलनं चालतं, पिस्टनच्या खालच्या बाजूवर फवारलेलं तेल तिथली सगळी उष्णता घेऊन चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्यात, उतरतं, आणि तीन-साडेतीन लिटर तेलाला थंड व्हायला सवडच मिळत नाही. कूलंटचा काटा जागचा हललेला नसतो, पण तेल मात्र १३० च्या पुढे गेलेलं असतं. कूलंटचा काटा पाहून निर्धास्त राहणाऱ्यांचा घात इथेच होतो.

आता १३० अंशांना काय होतं ते मोजून पाहू. बाजारातलं एक सर्वसाधारण ५डब्ल्यू-३० घ्या, ४० अंशांना ६५ आणि १०० अंशांना ११ सेंटिस्टोक्स असलेलं. तापमान आणि दाटपणा यांचं जे प्रचलित सूत्र आहे त्यात हे आकडे घातले, तर १३० अंशांना ते ६.३ च्या आसपास उतरतं. १०० अंशांना २० ग्रेडच्या तेलाला जी किमान मर्यादा आहे, तिच्याही खाली. सर्वसाधारण ५डब्ल्यू-४०, म्हणजे ४० अंशांना ८५ आणि १०० ला १४ असलेलं, १३० ला सुमारे ७.९ वर येतं. याच हिशेबातून एक फार उपयोगी गोष्ट हाती लागते: हे ४० ग्रेडचं तेल ११ सेंटिस्टोक्सवर उतरतं ते ११२ अंशांच्या आसपास. म्हणजे ३० वरून ४० वर गेल्यानं आपल्याला जेमतेम बारा अंशांची सवलत मिळते. तेल पंचवीस-तीस अंशांनी जास्त तापत असेल तर एका ग्रेडनं ते भरून निघणार नाही, आणि वीस अंश खाली आणणारा ऑइल कूलर हा एका ग्रेडपेक्षा मोठा इलाज आहे. तेलावर वाद घालणाऱ्या प्रत्येकानं हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा असं मला मनापासून वाटतं.

पण क्रँकच्या बेअरिंगमध्ये तेल शंभर अंशांवर निवांत वाहत नसतं. मायक्रॉनमध्ये मोजावा असा तेलाचा पापुद्र्यासारखा थर, दोन्ही बाजूंना प्रचंड वेगानं एकमेकांवर सरकणारा धातू आणि वरून दाब. या अवस्थेची नक्कल करणारी चाचणी १५० अंशांना घेतात. तिला एचटीएचएस म्हणतात. ट्रॅकसाठी तेल निवडताना माझ्या लेखी हा आकडा सर्वांत महत्त्वाचा. ३० ग्रेडला तो किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद असावा लागतो, ५डब्ल्यू-४० ला ३.५, ५० ग्रेडला ३.७. २० ग्रेडला २.६ पुरतो आणि १६ ला २.३. गोम अशी की डब्यावर एकच ५डब्ल्यू-३० लिहिलेली दोन तेलं यात पार वेगळी असू शकतात. युरोपीय उत्पादकांच्या एसीईए संघटनेच्या ए३/बी४ किंवा सी३ वर्गातल्या ५डब्ल्यू-३० ला किमान ३.५ गाठावाच लागतो. ए५/बी५ वर्गातलं ५डब्ल्यू-३० मुद्दाम २.९ ते ३.५ च्या मध्ये ठेवलेलं असतं, कारण त्याचा हेतू इंधन वाचवणं हा आहे. दुकानदार दोन्ही डबे पुढ्यात ठेवून ‘सेम है’ म्हणेल. डबा उलटून मागची बारीक अक्षरं वाचावीत.

इंधन वाचवण्याच्या या ओढीनं गेल्या काही वर्षांत मॅन्युअलमधलं तेल पातळ होत गेलं आहे. मारुतीच्या नव्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ सारखं तेल चालतं, जपानी गाड्यांत ०डब्ल्यू-२० रुळलं आहे. ही इंजिनं त्या तेलासाठी आखलेली असतात आणि शहरात, महामार्गावर त्यांचं काही बिघडत नाही. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं तिथपर्यंत बरोबर आहे. पण मॅन्युअलमधली शिफारस ही रोजच्या वापराची शिफारस असते, आणि याची साक्ष खुद्द उत्पादकांनीच दिली आहे. फोर्डनं साध्या मस्टँग जीटीच्या पाच लिटर व्ही-८ इंजिनासाठी ५डब्ल्यू-२० सांगितलं. त्याच घराण्यातलं इंजिन ट्रॅकसाठी सज्ज करून २०१२ च्या बॉस ३०२ मध्ये घातलं तेव्हा ५डब्ल्यू-५० सांगितलं. शेवरोले कॉर्व्हेटच्या सातव्या पिढीत रस्त्यासाठी ५डब्ल्यू-३० आणि ट्रॅकसाठी १५डब्ल्यू-५० अशी दुहेरी सूचना होती. २०१९ पासून कंपनीनं ती मोडीत काढून दोन्हींसाठी एकच ०डब्ल्यू-४० दिलं. बीएमडब्ल्यूनं जुन्या एम३ च्या उच्च आरपीएमच्या इंजिनाला थेट १०डब्ल्यू-६० दिलं होतं. निसान जीटी-आर कारखान्यातून ०डब्ल्यू-४० घेऊन निघायची.

यात कॉर्व्हेटचं उदाहरण मला रायपूरकराच्या सर्वांत जवळचं वाटतं. दोन तेलांचा खेळ सोडून रस्ता आणि ट्रॅक दोन्हीकडे निभेल असं एकच तेल त्यांनी निवडलं, आणि ते ४० ग्रेडचं निवडलं. आपल्यालाही ट्रॅकवर पोचल्यावर तेल बदलणं आणि परतताना पुन्हा बदलणं परवडत नाही. आपलं तेलही दोन्ही कामांचं असावं लागतं.

म्हणून रेसिंग ऑइलचा मोह आवरावा, असं मी म्हणतो. रेससाठी बनवलेल्या तेलाचा इतिहास मोठा देखणा आहे. कॅस्ट्रॉलचं जुनं ‘आर’ हे एरंडेलावर बेतलेलं होतं. एरंडेलाचा थर दाबाखाली सहजी फाटत नाही, पण ते लवकर चिकटा धरतं आणि इंजिन वरचेवर उघडून साफ करावं लागतं. मोतुलनं १९७१ साली ३००व्ही काढलं, नाव ठेवलं तीनशे विजयांवरून, आणि एस्टरवर आधारलेल्या कृत्रिम तेलांचा रस्ता रुंद केला. आजही ही तेलं बेअरिंगचं रक्षण उत्तम करतात. प्रश्न दुसरीकडे आहे. निव्वळ रेसच्या तेलात झिजेपासून वाचवणारं झेडडीडीपी, म्हणजे जस्त आणि फॉस्फरसचं संयुग, भरपूर असतं. साफसफाईची आणि गंजरोधक रसायनं कमी, कारण ते काही तासांतच काढून टाकायचं असतं. फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतो. म्हणूनच पातळ ग्रेडच्या रस्त्याच्या तेलांत त्याचं प्रमाण वजनानं ०.०६ ते ०.०८ टक्क्यांच्या पट्टीत बांधून दिलेलं आहे. काही तासांसाठी बनवलेलं तेल अडीच हजार किलोमीटर चालवायचं आणि पुढे दोन महिने शहरातल्या छोट्या फेऱ्यांत तसंच ठेवायचं, हा त्या तेलावरही अन्याय आहे आणि इंजिनावरही.

पुण्याच्या फोक्सवॅगन मोटरस्पोर्टनं २०१० मध्ये पोलो कप ही रेस मालिका सुरू केली तेव्हा पहिल्या वर्षी गाड्या चक्क डिझेलच्या होत्या, १.६ लिटरच्या, १३० अश्वशक्तीच्या. पुढे १.४ लिटर टीएसआयच्या १८० अश्वशक्तीच्या पेट्रोल गाड्या आल्या, मग व्हेंटो आणि अ‍ॅमिओ. कोल्हापूरचा रेसर ध्रुव मोहिते याच मालिकांतून पुढे आला. या गाड्या बाहेरून घरच्या पोलोसारख्या दिसतात, म्हणून त्यांत पडणारं तेल आपल्याही गाडीत चालेल असं पोरांना वाटतं. पण त्या गाड्या ट्रकमधून ट्रॅकवर येतात, दोन रेसच्या मध्ये मेकॅनिक त्यांच्यावर हात फिरवतात, आणि ऑइल काढणं हे त्यांच्या वेळापत्रकातलंच काम असतं. आपल्या गाडीला नागपूरच्या अलीकडे देवरीच्या घाटात ट्रकमागे कमी आरपीएमवर रखडायचं असतं.

हे रखडणंही तेलाच्या दृष्टीनं साधं नाही. बेअरिंगमधला तेलाचा थर दाटपणा, वेग आणि भार या तिघांवर उभा असतो. जर्मन अभियंता स्ट्रिबेकनं १९०२ मध्ये हे नातं दाखवलं. आरपीएम जास्त असेल तर थर सहज तयार होतो. छोटं टर्बो इंजिन दीड हजार आरपीएमवर वरच्या गिअरमध्ये दाबलं तर भार पूर्ण आणि वेग कमी, अशी सर्वांत वाईट जोडी जमते. याच स्थितीत एलएसपीआय, म्हणजे ठिणगीच्या आधीच पेट घेण्याचा प्रकार घडतो, आणि त्याचा एखादा दणका पिस्टनची कड उडवू शकतो. तेलातल्या कॅल्शियमच्या साफसफाईच्या रसायनांचा याच्याशी संबंध सिद्ध झाला, म्हणून अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं, म्हणजे एपीआयनं, २०२० च्या मे महिन्यात आणलेल्या एसपी दर्जात एलएसपीआयची चाचणी सक्तीची केली. टर्बो आणि थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणारं इंजिन असेल, तर डब्यावर एपीआय एसपी किंवा गाडीच्या कंपनीची स्वतःची मान्यता असावीच. बऱ्याच रेसिंग तेलांवर यातलं काहीच नसतं.

मिस्त्रींच्या वीस-पन्नासकडे परत येऊ. त्यातला पन्नास हा वाईट आकडा नाही. १३० अंशांना तो कामाचाच आहे. अडचण वीसची आणि तेलाच्या जातीची. बाजारातलं स्वस्त २०डब्ल्यू-५० बहुधा खनिज तेल असतं, जुन्या एपीआय दर्जाचं. नव्या इंजिनात व्हॉल्व्हचं टायमिंग तेलाच्या दाबावर चालतं, पंपाचा दाब संगणक कमी-जास्त करतो, आणि फार दाट तेल पंपाच्या रिलीफ व्हॉल्व्हमधूनच परत फिरतं. काटा भरपूर दाब दाखवतो, पण बेअरिंगकडे तेल कमी जातं. शिवाय दाट तेल घुसळल्यानं स्वतःच तापतं. खनिज तेलाचं ऑक्सिडेशन ढोबळमानानं दर दहा अंशांना दुप्पट होतं, आणि ट्रॅकवर आपण तीस-चाळीस अंशांची बेरीज करत असतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि इंजिन बंद केल्यावर त्याच्या बेअरिंगमध्ये अडकलेलं तेल भाजून कोळसा होतं. तिथे कृत्रिम तेलच टिकतं. म्हणून ट्रॅकवरची शेवटची फेरी हलक्या पायानं मारावी आणि गाडी लगेच बंद करू नये.

बाष्पीभवनाचाही एक आकडा डेटाशीटवर मिळतो, नोआक नावाचा: २५० अंशांना तासाभरात किती टक्के तेल उडून गेलं. एसीईए ए३/बी४ ला १३ टक्क्यांची मर्यादा आहे, एपीआय एसपीच्या इंधनबचतीच्या ग्रेडना १५. याहून बराच कमी आकडा असलेलं तेल घ्यावं. पीएओ किंवा एस्टरवर आधारलेली कृत्रिम तेलं इथे पुढे असतात. ‘फुल्ली सिंथेटिक’ या दोन शब्दांवर मात्र विसंबू नये. खनिज तेलापासून हायड्रोक्रॅकिंगनं बनवलेलं तिसऱ्या गटाचं (ग्रुप थ्री) तेलही त्या नावानं विकलं जातं, आणि त्यात काही गैर नाही. चांगलं तिसऱ्या गटाचं तेल रस्त्यावर उत्तम असतं. फक्त किमतीची तुलना करताना आपण काय विकत घेतोय हे माहीत असावं.

रायपुरात आणखी दोन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. पहिली धूळ. उरला आणि सिलतराच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांचा पट्टा शहराला लागूनच आहे, आणि इथली काळी-तांबडी धूळ किती बारीक असते हे गॅलरीच्या कठड्यावरून हात फिरवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ट्रॅकसाठी म्हणून उघडा एअर फिल्टर बसवला आणि तोच वर्षभर शहरात चालवला, तर सिलिका तेलात उतरते आणि कुठलंही तेल त्यापुढे हतबल होतं. ट्रॅकवर मिळणाऱ्या एखाद-दोन अश्वशक्तींसाठी रिंगा घासून घेणं मला पटत नाही. दुसरी गोष्ट इंधनाची. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आता सगळीकडे आहे. थेट इंजेक्शनच्या इंजिनात थंड असताना न जळलेलं इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात झिरपतं. ऑफिस ते घर अशा छोट्या फेऱ्यांत हे साठत जातं, आणि तेलाचा दाटपणा एका ग्रेडनं उतरू शकतो. डब्यावरचं ४० आपल्या चेंबरमध्ये प्रत्यक्षात ३० झालेलं असतं. म्हणून दोन-तीन महिने शहरात वापरलेलं तेल घेऊन ट्रॅकला निघू नये. निघण्याच्या आधी नवं तेल, नवा फिल्टर. महामार्गाच्या लांब प्रवासात त्याची घडी बसते आणि ट्रॅकवर ते पूर्ण ताकदीनं उभं राहतं.

तापमान मोजायचं कसं? फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवरच तेलाचं तापमान दिसतं. इतर गाड्यांत ओबीडीला जोडायचं छोटं यंत्र कामाला येतं, पण काही गाड्यांचा संगणक तापमान मोजत नाही, अंदाजानं काढतो. अशा वेळी फिल्टरच्या खाली सँडविच प्लेट बसवून वेगळा सेन्सर लावणं हेच खरं. पहिल्या ट्रॅक-दिवशी आकडे लिहून ठेवावेत. १२० च्या आत राहिलं तर गाडीच्या कंपनीनं मान्य केलेलं ३.५ एचटीएचएसचं तेल पुरे. १२० ते १३५ असेल तर एक ग्रेड वर, म्हणजे बहुतेक टर्बो गाड्यांत ५डब्ल्यू-४० किंवा ०डब्ल्यू-४०. १४० दिसलं की फेरी तिथेच थांबवावी, आणि पुढच्या वेळेआधी कूलरचा विचार करावा. ५० ग्रेडकडे मी फक्त मोठ्या टर्बोच्या, ट्यून केलेल्या, वरचेवर ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीसाठी वळेन. ज्या इंजिनाला ०डब्ल्यू-१६ सांगितलंय त्यात एकदम ४० टाकण्यापेक्षा ५डब्ल्यू-३० ए३/बी४ वर थांबावं. त्याच्या तेलाच्या वाटा आणि पंप पातळ तेलासाठी आखलेले असतात. मोटरसायकलचं १०डब्ल्यू-५० गाडीत टाकणारेही भेटतात. ते ओल्या क्लचसाठी जुळवलेलं असतं, गाडीत त्याचं काही काम नाही.

तेलाचा दर्जा कितीही उत्तम असला तरी पंपाच्या तोंडाशी ते असलं पाहिजे. ही गोष्ट ग्रेडच्या वादात सगळ्यात आधी विसरली जाते. साध्या टायरवर गाडी वळणात ०.९ जीपर्यंत जाते, तेव्हा चेंबरमधल्या तेलाची पातळी चाळीस अंशांहून जास्त कलते. चिकट टायरवर १ जी गाठला की पंचेचाळीस अंश. लहान वळणात हे क्षणभर टिकतं. बुद्ध सर्किटच्या दहा-अकरा क्रमांकाच्या लांबलचक वळणात मात्र ते सेकंद-दोन सेकंदांच्या पुढे जातं, आणि पंपानं तेवढ्यात हवा ओढली तर बेअरिंगला कुठल्याही ब्रँडचं तेल वाचवू शकत नाही. म्हणून डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेला टेकलेलंच असावं. प्रत्येक फेरीनंतर गाडी सपाट जागी उभी करून, पाच-दहा मिनिटं थांबून पाहावं. खुणेच्या वर मात्र भरू नये. क्रँक त्यात घुसळला की फेस होतो, आणि फेसात थर धरायची ताकद नसते. सोबत एक लिटर तेच तेल असावं. चेन्नईच्या रस्त्यावर तेच मिळेल याची खात्री नसते, आणि नकली तेलाचा धंदा आपल्या देशात मोठा आहे, त्यामुळे झाकणाचं सील आणि बॅच नंबर पाहून अधिकृत वितरकाकडूनच घ्यावं.

पहिल्यांदा जाणाऱ्याला एक आवर्जून सांगावंसं वाटतं, जरी ते तेलाबाहेरचं आहे. साध्या गाडीत ट्रॅकवर इंजिनाआधी ब्रेक हात टेकतात. डॉट ३ ब्रेक फ्लुइडचा कोरडा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३०, आणि ओलावा शोषलेल्या डॉट ४ चा जेमतेम १५५. आपल्या पावसाळ्यानंतर वर्षभर न बदललेलं फ्लुइड घेऊन गेलात, तर महागडं तेल इंजिनात सुखरूप असेल आणि पेडल जमिनीला लागलेलं असेल. खर्चाची जुळवाजुळव करताना आधी हे फ्लुइड बदलून घ्यावं.

परत आल्यावर काय करायचं, यावर मतभेद आहेत. काही जण ट्रॅकचं तेल लगेच काढतात, काही पुढच्या सर्व्हिसपर्यंत चालवतात. तापमान १२५ च्या आत राहिलं असेल आणि तेल चांगलं असेल तर लगेच काढायची गरज नाही असं मला वाटतं. १३५ पाहिलं असेल तर काढून टाकावं, आणि मग शहरासाठी पुन्हा कंपनीच्या शिफारशीचं भरलं तरी चालेल. खात्री हवी असेल तर काढतानाच्या धारेतलं थोडं तेल स्वच्छ बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत पाठवावं. मोठ्या कारखान्यांत टर्बाइन आणि गिअरबॉक्सच्या तेलाची अशी तपासणी नेमानं होते. भिलाई-रायपूरच्या औद्योगिक पट्ट्यात ही कल्पना कुणाला नवी नाही, फक्त गाडीसाठी ती करून घ्यायचं आपल्या मनात येत नाही. अहवालात पाच गोष्टी पाहाव्यात: १०० अंशांचा दाटपणा किती उरला, इंधन किती मिसळलं, लोह, तांबं-शिसं, आणि सिलिकॉन. लोह आणि सिलिकॉन एकत्र वाढले तर एअर फिल्टर दोषी. तांबं आणि शिसं वाढलं तर बेअरिंग बोलतंय. एका अहवालावर निष्कर्ष काढू नये; आधीचा एक शहरातल्या वापराचा अहवाल शेजारी ठेवला तरच ट्रॅकनं काय केलं ते कळतं.

प्रयोगशाळा शक्य नसेल तर फिल्टर कापावा. जुना फिल्टर रात्रभर निथळू द्यायचा, पत्र्याची कड फिल्टर-कटरनं कापायची (हॅकसॉनं नको, तिचाच कीस आत पडतो), आतली घडीची कागदी पट्टी सोडवून पांढऱ्या कापडावर पसरायची आणि उन्हात तिरपी धरून पाहायची. काळपट, मऊ गाळ असणं स्वाभाविक. लोहचुंबकाला लागणारी दोन-चार कुसळं नव्या इंजिनात चालतात. पण घड्यांच्या तळाशी तांबूस-चंदेरी, चुंबकाला न लागणारी चमक दिसली, बोटांमध्ये चोळल्यावर पापडीसारखी सपाट लागली, तर ते बेअरिंगचं कवच आहे. तिथे तेल बदलून काही साधत नाही. चेंबर खाली उतरवून रॉडचे बेअरिंग शेल पाहावे लागतात, आणि ते होईपर्यंत गाडी ना ट्रॅकवर न्यावी ना चेन्नईच्या रस्त्यावर.